बुरशी नव्हे, स्फटिकांची करणी!

वैशाख वणवा पेटला की धरमपेठेतल्या घराघरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. कपाटात जपून ठेवलेला चॉकलेटचा डबा पाहुण्यांसमोर उघडावा, तर आतल्या वड्यांवर राखाडी-पांढरट थर बसलेला असतो. कुठे ठिपके, कुठे ओल्या वाळूवर उमटाव्यात तशा रेघा. मूळचा तकतकीत तपकिरी रंग पार मावळलेला. 'बुरशी लागली' असा निकाल घरातील ज्येष्ठ मंडळी क्षणार्धात देतात आणि डबा कचऱ्यात जातो, नाही तर तावातावाने दुकानात परत नेला जातो. वेस्ट हायकोर्ट रोडवरचा दुकानदार 'माल कंपनीचा, आम्ही काय करणार' म्हणत हात वर करतो. या वादात बिचाऱ्या बुरशीचा मात्र बहुतेक वेळा काडीचाही दोष नसतो. तो थर चॉकलेटमधल्याच स्निग्धांशाचा, म्हणजे कोको बटरचा असतो. बाहेरून काही आलेले नसते आणि आतले काही सडलेलेही नसते. जे होते त्यानेच आपले रूप बदललेले असते. चॉकलेटच्या धंद्यात या प्रकाराला 'ब्लूम' म्हणजे फुलोरा असे काहीसे काव्यात्म नाव आहे.

रूप बदलले म्हणजे नेमके काय झाले, हे समजण्यासाठी स्निग्ध पदार्थाच्या अंतरंगात डोकवावे लागते. तूप असो, खोबरेल असो की कोको बटर, त्याचा प्रत्येक रेणू ग्लिसरॉलच्या एका छोट्या कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्यांनी बनलेला असतो. या साखळ्या अशा काही कोनात वळलेल्या असतात, की रेणूचा आकार पाठ आणि पाय असलेल्या खुर्चीसारखा दिसतो. ही उपमा केवळ सोयीची नाही. रसायनशास्त्रज्ञही या रचनेला खुर्चीच म्हणतात. आता मंगल कार्यालयातला समारंभ आटोपल्यावर खुर्च्या आवरण्याचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. घाई असेल तर पोरे त्या कशाही कोपऱ्यात टाकतात. ढीग मोठा होतो, डळमळतो आणि जरा धक्का लागताच कोसळतो. सवड असेल तर त्याच खुर्च्या एकीत एक बसवून नीट चळत लावली जाते. ती कमी जागा व्यापते आणि भक्कम उभी राहते. खुर्च्या त्याच, रचना वेगळी. वितळलेला स्निग्धांश गोठताना त्याच्या रेणूंचे नेमके असेच होते. झपाट्याने थंड केला तर रेणू जमेल तसे दाटीवाटीने बसतात आणि सैल, अस्थिर स्फटिक तयार होतात. सावकाश आणि योग्य तापमानाला थंड केला तर ते घट्ट, स्थिर रचना पकडतात. एकाच पदार्थाने अशी निरनिराळी स्फटिकरूपे घेण्याच्या गुणाला बहुरूपता म्हणतात. कोळशाचे सख्खे भावंड असलेले ग्रॅफाइट आणि हिरा ही तिची शाळेत शिकवली जाणारी उदाहरणे. स्वयंपाकघरातली उदाहरणे मात्र कोणी शिकवत नाही.

कोको बटर हे या बाबतीत मोठे नखरेल प्रकरण आहे. विले आणि लटन या दोन संशोधकांनी १९६६ मध्ये त्याची सहा रूपे वेगळी करून दाखवली आणि त्यांचे वितळण्याचे तापमानही नोंदवले. पहिले रूप १७.३ अंश सेल्सियसला, दुसरे २३.३ ला, तिसरे २५.५ ला, चौथे २७.५ ला, पाचवे ३३.८ ला आणि सहावे ३६.३ अंशांना वितळते. या सहांपैकी चॉकलेट बनवणाऱ्याला हवे असते ते फक्त पाचवे. या रूपात चॉकलेट आरशासारखे चमकते आणि मोडताना 'कट्' असा आवाज करते. गोठताना ते किंचित आकसत असल्याने साच्यातून अलगद सुटते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खोलीत ते टणक राहते आणि जिभेवर ठेवताच विरघळते, कारण त्याचा वितळणबिंदू माणसाच्या शरीराच्या ३७ अंशांच्या जेमतेम खाली येतो. चॉकलेटचे सारे वैभव या तीन-चार अंशांच्या फटीत सामावलेले आहे. पहिली चार रूपे मऊ, चिकट आणि अल्पायुषी असतात. सहावे सर्वांत स्थिर असते, पण तोंडात मेणासारखे रेंगाळते आणि दिसायला निस्तेज असते.

निसर्गाचा नियम असा, की कमी स्थिर रचना वेळ मिळेल तशी अधिक स्थिर रचनेकडे सरकते. त्यामुळे उत्तम बनवलेले चॉकलेटही कायमचे पाचव्या रूपात राहत नाही. महिनोन्‌महिने पडून राहिल्यास ते न वितळताच, घन अवस्थेतच, हळूहळू सहाव्याकडे झुकते. थंड प्रदेशात हा प्रवास कूर्मगतीने होतो. उष्ण हवेत त्याला वेग येतो.

आणि उष्ण हवा म्हणावी तर ती नागपूरची! मे २०१३ मध्ये शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तितका टोकाचा दिवस सोडला तरी ४३ ते ४५ अंश ही येथील मे महिन्याची नित्याची दुपार. वरच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवले की उलगडा होतो. कोको बटरची सहाही रूपे ३७ अंशांच्या आत वितळून जातात, तेव्हा बंद घराच्या कपाटातले किंवा दुकानाच्या गोदामातले चॉकलेट दुपारी आकार जेमतेम टिकवून आतून वितळलेले असते. तथापि केवळ उष्णतेला दोष देणे अर्धवट ठरेल. वितळलेले चॉकलेट बिघडलेले नसते. बिघाड होतो तो नंतर, ते पुन्हा गोठताना. कारखान्यात शिस्तीने तयार केलेले पाचव्या रूपाचे सूक्ष्म स्फटिक दुपारी नष्ट झालेले असतात. रात्री पारा उतरल्यावर स्निग्धांश कोणाच्याही मार्गदर्शनाविना गोठतो. मग कुठे मोठे, ओबडधोबड स्फटिक धरतात, कुठे अस्थिर रूपे तयार होऊन पुढच्या काही दिवसांत पुन्हा बदलत राहतात. चॉकलेट पुरते वितळण्याचीही गरज नसते. ३० ते ३२ अंशांना स्निग्धांशाचा लवकर वितळणारा भाग द्रव होतो, बारीक भेगांतून पृष्ठभागाकडे झिरपतो आणि थंडाव्यात तिथेच गोठतो. दिवसा वातानुकूलन यंत्र चालू आणि रात्री शटर ओढून बंद, अशा दुकानात हे चक्र उलट्या क्रमाने पण रोज चालते. महिनाभर रोज सहा-सात अंश वर-खाली होणेही चॉकलेटला मारक ठरते, हे दुकानदारांनीही ध्यानात घ्यायला हवे.

पृष्ठभागावर वाढलेले हे स्फटिक काही मायक्रॉन लांबीचे, सुईसारखे किंवा पापुद्र्यासारखे असतात. कोको बटर स्वतः फिकट पिवळसर असते, मग थर पांढरा का दिसतो? खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो, तोच कुटला की पांढरा दिसतो. कारण खडबडीत कणांवर पडलेला प्रकाश दशदिशांना विखुरतो. गुळगुळीत चॉकलेटवरून प्रकाश एका दिशेने परततो म्हणून ते चमकते. त्यावर सुयांचे रान माजले की चमक जाते आणि धुरकट पांढरेपणा येतो. म्हणजे रंग बदललेला नसतो, पोत बदललेला असतो. हाताला आणि जिभेला जाणवणारा रवाळपणाही त्याचाच.

स्निग्धांश आतून बाहेर नेमका कसा येतो, यावर बराच काळ तर्कच चालले होते. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील 'डेझी' संशोधन केंद्रात २०१५ मध्ये प्रखर क्ष-किरणांच्या साहाय्याने ही हालचाल प्रत्यक्ष टिपण्यात आली. चॉकलेटच्या नमुन्यावर तेलाचा थेंब सोडल्यावर ते काही सेकंदांतच अतिसूक्ष्म छिद्रांत शिरले आणि पुढे आतील स्फटिकांची घडण बिघडवू लागले. काजू-बदाम घातलेली किंवा आत मऊ सारण असलेली चॉकलेटे साध्या वडीपेक्षा लवकर पांढरी का पडतात, याचे उत्तर येथे मिळते. सुक्या मेव्यातले तेल बाहेर झिरपते, कोको बटर त्यात विरघळते आणि दोघे मिळून पृष्ठभाग गाठतात. दिवाळीच्या भेटीतले बदामाचे चॉकलेट होळीपर्यंत सांभाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नसेल.

उष्णतेवरचा हुकमी उपाय म्हणून चॉकलेट थेट फ्रिजमध्ये जाते आणि तेथे दुसरेच संकट उभे राहते. नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतात. कोरड्या हवेत पाणी उडवून गारवा आणणारे हे यंत्र खोलीत दमटपणाही भरते. फ्रिजमधून काढलेली थंडगार वडी अशा खोलीत आली की तिच्यावर दव जमते. त्या दवात चॉकलेटमधली साखर विरघळते, आणि पाणी उडून गेल्यावर साखरेचे खरखरीत कण मागे राहतात. हाही फुलोराच, पण साखरेचा. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून ओळखण्याची युक्ती ठाऊक असावी. पांढऱ्या भागावर बोट हलकेच घासले असता बोटाच्या उबेने थर नाहीसा होऊन खालचा तपकिरी रंग दिसू लागला, तर तो स्निग्धांशाचा. थर तसाच राहून खरखर जाणवली, आणि पाण्याचा थेंब टेकवताच तो विरघळून चिकट झाला, तर साखरेचा. बुरशी या दोहोंहून निराळी. तिला लव असते, हिरवट-करडी छटा असते आणि कुबट वास येतो. साध्या चॉकलेटमध्ये पाण्याचा अंश इतका कमी असतो, की त्यावर बुरशी सहसा धरतच नाही. क्रीम किंवा फळांचा गर भरलेल्या चॉकलेटांत मात्र ती शक्य असते, तेव्हा तेथे सावध राहिलेले बरे.

ही शहानिशा महत्त्वाची अशासाठी, की चॉकलेटविषयीचा संशय महाराष्ट्राला अगदीच निराधार वाटावा असे नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅडबरीच्या वड्यांत अळ्या आढळल्याच्या तक्रारींनंतर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली, वृत्तपत्रांत ते प्रकरण गाजले आणि ऐन दिवाळीत विक्री घसरली. पुढच्या वर्षी कंपनीने वेष्टन अधिक बंदिस्त केले. तो साठवणुकीतील किडीचा प्रश्न होता. फुलोऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. ग्राहकाच्या मनात मात्र अळी, बुरशी आणि पांढरा थर यांची सरमिसळ सहज होते. परिणामी खाण्याजोगे चॉकलेट फेकले जाते, आणि खरोखर बिघडलेला माल 'उन्हाने झाले असेल' म्हणून गळ्यात मारण्याची वाटही विक्रेत्याला मोकळी होते.

गंमत अशी, की ज्या रवाळपणासाठी चॉकलेट नापसंत ठरते त्याच रवाळपणासाठी तूप नावाजले जाते. थंडीच्या दिवसांत लोणी कढवून भरलेल्या बरणीत मोत्यासारखा रवा धरला की घरच्या गृहिणीची मान ताठ होते. तेथेही खेळ स्फटिकांचाच आहे. तुपात लवकर आणि उशिरा वितळणारे अनेक घटक मिसळलेले असतात. कढवलेले तूप २८ ते ३० अंशांच्या आसपास न हलवता सावकाश निवू दिले, तर उशिरा वितळणारे घटक निवांतपणे मोठे कण धरतात आणि बाकीचा भाग त्यांच्याभोवती पातळ राहतो. तेच तूप गरम असताना फ्रिजमध्ये ठेवले तर असंख्य बारीक स्फटिक एकदम तयार होऊन ते लोण्यासारखे सपाट गोठते. म्हशीच्या तुपाचा रवा गाईच्या तुपापेक्षा ठसठशीत असतो, हेही घटकांच्या प्रमाणामुळे. रवा म्हणजे शुद्धतेची खूण ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागेल. १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला, तेव्हापासून वनस्पती तूप बनवणाऱ्यांनी डबे ठराविक तापमानाला संथपणे थंड करून अस्सल तुपासारखी कणी साधली आहे. कणी कशी निवली ते सांगते. काय निवले ते सांगत नाही.

धरमपेठ-गोकुळपेठ भागात घरगुती चॉकलेटे बनवून विकण्याचा व्यवसाय अनेक महिलांनी पत्करला आहे. त्यांना या शास्त्राची झळ थेट बसते, कारण पांढरी पडलेली एक खेप म्हणजे हातची ऑर्डर गेली. यातील बहुसंख्य चॉकलेटे बाजारात मिळणाऱ्या 'कंपाउंड'च्या लाद्या वितळवून बनतात. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी पामच्या बियांतील तेलावर प्रक्रिया करून केलेला कठीण मेद असतो. तो सहा रूपांचे नखरे करत नाही; वितळवावा, साच्यात ओतावा, गोठला की काढावा, इतका सोपा. चव मात्र कोको बटरची नाही. 'थोडी चव सुधारावी' म्हणून कंपाउंडमध्ये अस्सल चॉकलेट मिसळण्याचा मोह येथेच घात करतो. हे दोन मेद एकमेकांच्या चळतीत बसत नाहीत. मिश्रण दोहोंपेक्षाही मऊ होते आणि लवकर फुलोरा धरते. कंपाउंड वापरायचे तर निव्वळ कंपाउंड आणि अस्सल चॉकलेट वापरायचे तर निव्वळ तेच, एवढे पथ्य पाळल्यास निम्म्या तक्रारी मिटतील. लादीवरील घटकांची यादी वाचण्याचीही सवय हवी. अर्धवट हायड्रोजनीकरण केलेल्या मेदांतील ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याने भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यतेले व मेदांतील त्याची कमाल मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली आहे.

अस्सल चॉकलेट हाताळायचे तर 'टेंपरिंग'ला पर्याय नाही. चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून जुने सगळे स्फटिक मोडायचे. मग ढवळत ढवळत २७-२८ अंशांपर्यंत निववायचे, म्हणजे चौथ्या-पाचव्या रूपांची बीजे पडतात. नंतर पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत हलके गरम करायचे. या तापमानाला चौथे रूप वितळून जाते आणि केवळ पाचव्याची बीजे उरतात. दुधाच्या चॉकलेटसाठी शेवटचा टप्पा एक-दोन अंश खाली ठेवतात. दह्याला विरजण लावावे तशी ही बीजे उरलेल्या स्निग्धांशाला वळण लावतात. मात्र नागपुरी मे महिन्यात स्वयंपाकघराचेच तापमान ३६-३७ अंश असताना २७ पर्यंत उतरायचे कसे? वातानुकूलित खोली आणि एक बरा तापमापक, एवढी गुंतवणूक अटळ ठरते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की विशिष्ट फॉस्फोलिपिड अगदी नाममात्र प्रमाणात मिसळल्यास साध्या निववण्यातूनही पाचवे रूप साधता येते. ते तंत्र सर्वदूर पोहोचले, तर छोट्या उत्पादकांचे काम बरेच हलके होऊ शकेल.

दुसरी वाट आपल्याच मातीतून जाते. युरोपीय संघाने २००० सालच्या निर्देशात चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय कमाल ५ टक्क्यांपर्यंत इतर वनस्पतिजन्य मेद वापरण्यास मुभा दिली आणि त्यासाठी सहाच मेद मान्य केले. त्यांतील तीन भारतीयांच्या चांगल्या ओळखीचे आहेत: साल, आंब्याच्या कोयीतील गर आणि कोकम. कोकणात व गोव्यात कोकमाच्या बियांपासून निघणारे भिरंडेल घरोघरी असे. मुठीत वळलेले त्याचे पांढुरके गोळे हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावण्यासाठी ठेवलेले असत. त्याचे रेणू कोको बटरच्या रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात, की ते त्याच चळतीत बेमालूम बसतात. शिवाय भिरंडेल ४० अंशांच्या आसपास वितळत असल्याने चळत अधिक भक्कम करतात. म्हैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोकमाचा मेद मिसळल्याने चॉकलेटचा टणकपणा व उष्णतेत टिकाव वाढल्याचे नोंदवले आहे. सालच्या बिया नागपूरच्या पूर्वेला मंडला आणि छत्तीसगडच्या जंगलांत आदिवासी कुटुंबे वेचतात. आंब्याच्या कोयी तर रसाच्या कारखान्यांबाहेर ढिगांनी पडतात. ४५ अंशांतही तग धरणारे चॉकलेट कोणाला हवे असेल, तर ते झुरिच किंवा ब्रुसेल्सला नव्हे, विदर्भाला.

त्या दृष्टीने धरमपेठेच्या उशालाच एक संस्था उभी आहे. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये स्थापन झालेली अमरावती मार्गावरील लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था तेल तंत्रज्ञानाच्या अध्यापनासाठी देशभर ओळखली जाते. २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. झेंडा चौकातल्या घरगुती चॉकलेटवाल्या भगिनी आणि या संस्थेच्या प्रयोगशाळा यांच्यात अंतर फार तर दोन-तीन किलोमीटरचे. उन्हाळ्याच्या तोंडावर टेंपरिंगचे दोन दिवसांचे शिबिर तेथे भरवले, तरी त्याचा उपयोग पुस्तकी पेपरांहून कमी होणार नाही.

तोवर घरात पांढऱ्या पडलेल्या डब्याचे काय करायचे? स्निग्धांशाचा फुलोरा आरोग्यास अपायकारक नाही. अशा वड्या मंद आचेवरच्या गरम पाण्यात भांडे धरून वितळवाव्यात आणि केक, दूध किंवा आइस्क्रीमवरच्या रसासाठी वापराव्यात. वितळताच सहावे रूप, पाचवे रूप हा सगळा भेद संपतो. नवे चॉकलेट १५ ते १८ अंशांत, कोरड्या जागी ठेवावे. फ्रिजशिवाय सोय नसेल तर हवाबंद डब्यात घालून भाजीच्या कप्प्यात ठेवावे आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण तासभर, डब्याचे झाकण उघडू नये, म्हणजे दव डब्यावर जमेल, चॉकलेटवर नाही. मात्र वडीला खवट वास येत असेल, जाळे किंवा छिद्र दिसत असेल, अथवा वेष्टनावरची मुदत उलटून गेली असेल, तर स्फटिकांचा विचार न करता ती टाकून द्यावी. आणि मुदत शिल्लक असताना असे आढळल्यास वेष्टन व पावतीसह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवावी.